स्फटिक वाढवण्याच्या पद्धती: लेखात काय ठेवलं, काय काढलं (प्रकल्प नोंदी)

२ जून २०२४, रविवार

आजपासून नोंद ठेवतेय, कारण मागच्या वेळी "हे का काढलं" असं सरांनी विचारलं तेव्हा मलाच आठवेना. मराठी विकिपीडियासाठी स्फटिक वाढवण्याच्या पद्धतींवरचा लेख नीट लिहायचाय. तिघं आहोत. मी, ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. माझी एमएस्सीची मैत्रीण, जी आता जर्मनीत सिलिकॉनच्या कारखान्यात आहे. आणि आमचे सर, केमिस्ट्रीचे, रिटायर्ड, लाल पेन अजून खिशाला.

हाताशी जो कच्चा मसुदा आहे त्यात अकरा ओळी स्फटिकाच्या माळेबद्दल आणि तिच्या ऊर्जेबद्दल आहेत, मग अचानक तुरटीचा प्रयोग, आणि शेवटी तीसेक स्फटिकांच्या नावांचा एक तक्ता. माळ लगेच काढली, त्यावर चर्चा नको.

मग आठवेल तशी यादी केली. चोख्राल्स्की, ब्रिजमन, स्टॉकबार्गर, किरोपुलोस, फ्लोट झोन, व्हर्न्यूई, स्लो इव्हॅपोरेशन, स्लो कूलिंग, जेल, हायड्रोथर्मल, फ्लक्स, एसआर मेथड, सीव्हीडी, एमबीई, सिलिकॉन कार्बाइडची लेली पद्धत, हिऱ्याची एचपीएचटी, प्रोटीनचे लोंबते थेंब... तेवीस झाल्या. सरांना पाठवली तर उत्तर आलं, "हा लेख आहे की वाण्याची यादी?"

५ जून

नावावरच दोन दिवस गेले. मी "स्फटिक संवर्धन" ठेवलं होतं, मैत्रीण म्हणाली अगं संवर्धन म्हटलं की मला पशुसंवर्धन खातं दिसतं. "स्फटिकवृद्धी" बरं वाटलं पण परीक्षेतल्या उत्तरासारखं वाटतं, कुणी तोंडाने म्हणणार नाही. "स्फटिक वाढवण्याच्या पद्धती" असं साधं ठेवलं. वाढवणं हा शब्द मला आवडतो, झाड वाढवतात तसं.

दुसरी अडचण स्फटिक या शब्दाचीच. आपल्याकडे स्फटिक म्हणजे पूजेतला पारदर्शक दगड, म्हणजे क्वार्ट्झ. इथे स्फटिक म्हणजे आतले अणू ठराविक नक्षीत ओळीने बसलेत असा कुठलाही घन पदार्थ, त्यात मीठही आलं आणि सिलिकॉनही आलं. आणि आपल्या लेखाचा खरा विषय "एकस्फटिक" आहे, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत नक्षी कुठेही न तुटलेला एकच तुकडा. हे पहिल्या परिच्छेदात आलंच पाहिजे, नाहीतर मिठागर पण स्फटिक वाढवण्याची पद्धत ठरेल. मिठागरात खडे पडतात, पण कुणी एक खडा धरून त्याला वाढवत बसत नाही.

९ जून, रविवार

आज सकाळपासून वर्गीकरण. सगळीकडे असतात तसे तीन गट: वितळलेल्या पदार्थातून, द्रावणातून, वाफेतून. सरांनी विचारलं की फ्लक्स पद्धत कुठे टाकणार, हजार अंशाच्या वर तापवतात म्हणजे वितळलेल्यात का? नाही, तिथे फ्लक्स हा द्रावकाचं काम करतो, मीठ पाण्यात विरघळावं तसा पदार्थ वितळलेल्या दुसऱ्या क्षारात विरघळतो, म्हणून ती द्रावणाचीच पद्धत. गरम की थंड यावर गट ठरत नाही, हे एक वाक्य घातलं. आमच्या पुस्तकात हेच वाक्य नव्हतं म्हणून माझे तोंडी परीक्षेत दोन मार्क गेले होते, ते आज वसूल झाले.

पण वाचणाऱ्याला या तीन गटांचं काय करायचंय? त्याला प्रश्न पडणार की एवढ्या पद्धती कशाला, एकच सगळ्यात चांगली का नाही वापरत. मग क्वार्ट्झचं उदाहरण घेऊन बसलो आणि तिथे लेखाची गाडी रुळावर आली असं मला वाटतं.

क्वार्ट्झ वितळवून थंड केला की स्फटिक मिळत नाही, काच मिळते. आणि समजा कसंबसं त्या तापमानाला काही जमलंच, तरी क्वार्ट्झची आपल्याला हवी असलेली रचना ५७३ अंश सेल्सिअसच्या खालीच टिकते, वर गेलं की रचना बदलते. म्हणजे वितळवण्याचा रस्ता बंदच. साध्या पाण्यात तो विरघळत नाही, म्हणजे बरणीत द्रावण ठेवून वाढवण्याचा रस्ताही बंद. मग उरतं काय, तर जाड पोलादी बंद भांडं, त्यात अल्कली घातलेलं पाणी, साडेतीनशे अंशांच्या आसपास तापमान आणि हजार वातावरणांच्या वरचा दाब, खाली कच्चा क्वार्ट्झ, वर जरा थंड भागात टांगलेल्या बीजाच्या पट्ट्या (बीज म्हणजे ज्यावर पुढची वाढ होते तो सुरुवातीचा छोटा स्फटिक). खालचं विरघळतं, वर जाऊन बीजावर बसतं. ही हायड्रोथर्मल. इटलीत तुरीनला जॉर्जो स्पेझियाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे करून दाखवलं होतं, पण खरी घाई झाली दुसऱ्या महायुद्धात, कारण रेडिओला क्वार्ट्झच्या चकत्या लागत आणि चांगला नैसर्गिक क्वार्ट्झ यायचा ब्राझीलमधून. आज भिंतीवरच्या क्वार्ट्झच्या घड्याळात जो बारका तुकडा असतो तो असा भांड्यात वाढवलेला असतो.

तर आजचा ठराव: पद्धत लेखात ठेवायची की नाही हे एकाच प्रश्नावर तपासायचं. "अमुक पदार्थासाठी हीच पद्धत का, दुसरी का नाही" याचं उत्तर देता आलं तर ती राहील. नुसतं नाव आणि साल असेल तर जाईल.

१२ जून

चोख्राल्स्की. मुलं याला झोक्राल्स्की म्हणतात, मीही म्हणायचे. पोलिश उच्चाराच्या जवळचं म्हणून चोख्राल्स्की केलं, मैत्रिणीने तिच्या पोलिश सहकाऱ्याला विचारून पक्कं केलं.

गोष्ट सगळ्यांना माहितीये: यान चोख्राल्स्की बर्लिनमध्ये एईजी या विजेच्या सामानाच्या कंपनीत काम करायचा, १९१६ मध्ये टिपणं काढताना त्याने पेन दौतीऐवजी वितळलेल्या टिनच्या मुशीत बुडवलं, बाहेर काढलं तर निबाला बारीक तार लटकलेली. ठेवायची का? मी म्हटलं ठेवा, मुलं यानेच लक्षात ठेवतात. मैत्रीण म्हणाली दंतकथा आहे. शेवटी "असं सांगतात" म्हणून एक वाक्य ठेवलं, पण त्याच्या पुढे जे लिहिलं ते मला दंतकथेपेक्षा भारी वाटतं. तो माणूस स्फटिक वाढवायला निघालाच नव्हता! त्याच्या निबंधाचा विषय होता धातू किती वेगाने स्फटिक होतात ते मोजायचं. टिन, शिसं, जस्त यांची बारीक तार वर खेचायची, आणि ज्या वेगाला ती तुटते तो त्या धातूचा स्फटिक होण्याचा जास्तीत जास्त वेग. निबंध छापून आला १९१८ मध्ये. म्हणून कुठे १९१६ आणि कुठे १९१८ दिसतं, दोन्ही सालं लेखात खुलासा करून ठेवली.

मग तीस वर्षं विशेष काही नाही, आणि १९४८ च्या सुमाराला अमेरिकेत बेल लॅबमध्ये गॉर्डन टील आणि जॉन लिटल यांनी जर्मेनियम असं खेचून काढलं, कारण ट्रान्झिस्टर आला होता आणि त्याला एकस्फटिक हवा होता. १९५२ मध्ये टील आणि ब्यूलर यांनी सिलिकॉन. मोजायची युक्ती बनवायची युक्ती झाली.

पोलंडमध्ये युद्धानंतर चोख्राल्स्कीवर जर्मनांना मदत केल्याचा ठपका आला आणि २०११ मध्ये वॉर्साच्या तंत्र विद्यापीठाने त्याचं नाव पुन्हा सन्मानाने घेतलं, हे मी दीड परिच्छेद लिहिलं होतं, रात्री बारापर्यंत बसून. सरांनी आडवी रेघ मारली. "हे त्याच्या चरित्राच्या लेखात." बरोबर आहे त्यांचं, तरी वाईट वाटलं.

१३ जून

मैत्रिणीचा लांबलचक व्हॉइस मेसेज. तिचं म्हणणं, चोख्राल्स्कीचं सगळं लिहिलंस आणि मान लिहिलीच नाहीस. मान म्हणजे बीज बुडवल्यावर सुरुवातीला स्फटिक मुद्दाम बारीक, तीनेक मिलिमीटरचा करत नेतात ती जागा. बीज गरम द्रवाला टेकतं तेव्हा धक्क्याने त्यात दोष तयार होतात, आणि मान बारीक ठेवली की ते दोष तिरके वाढत बाजूच्या पृष्ठभागावर येऊन संपतात, पुढचा स्फटिक निर्दोष मिळतो. १९५० च्या दशकाच्या शेवटी विल्यम डॅशने हे दाखवलं. आणि त्या काडीएवढ्या मानेवर आज ३०० मिलिमीटर व्यासाची, शंभर किलोच्या वरची सिलिकॉनची कांडी लोंबत असते. ती म्हणाली, "अगं मी रोज बघते आणि रोज पोटात गोळा येतो."

हे ठेवलं. वेग किती, फिरवायचं किती, आर्गॉन किती सोडायचा हे तिने पाठवलेलं सगळं काढलं, आपण कारखाना उघडत नाहीये. पण एक गोष्ट परत आत घेतली: मूस क्वार्ट्झच्या काचेची असते, सिलिकॉन वितळतो १४१४ अंशांना, आणि त्या तापमानाला मूस स्वतःच थोडी थोडी विरघळून सिलिकॉनमध्ये ऑक्सिजन सोडते. हा दोष सांगितला की फ्लोट झोन कशाला लागते ते आपोआप कळतं: तिथे मूसच नसते, उभ्या कांडीचा एक छोटा पट्टा वितळवत वर नेतात आणि वितळलेला भाग पृष्ठताणाने जागच्या जागी धरून राहतो. एका पद्धतीतली अडचण म्हणजे दुसऱ्या पद्धतीची ओळख. अशी साखळी सगळीकडे जमली तर मजा येईल. (नाही जमली, पण निम्म्या लेखात जमली.)

१५ जून

आज माझी वेळ होती.

जेल पद्धतीवर मी साडेसातशे शब्द लिहिले होते. एमएस्सीला दोन वर्षं तेच केलंय, सोडियम मेटासिलिकेटचं द्रावण, त्यात अॅसिड टाकून पीएच जुळवायचं, टेस्टट्यूबमध्ये जेल बसायची वाट बघायची, वरून दुसरं द्रावण अलगद सोडायचं, आणि मग रोज सकाळी जाऊन रॅकसमोर उभं राहायचं. कॅल्शियम टार्ट्रेटचे स्फटिक. पहिला दिसला त्या दिवशी आम्ही कँटीनमध्ये सगळ्यांना वडापाव दिला होता.

सरांनी पूर्ण वाचलं आणि एवढंच विचारलं, "यातलं किती वाचकासाठी आहे आणि किती तुझ्यासाठी?"

परत वाचलं तर ती सरळ कृती होती. घनता इतकी, पीएच इतका, इतके दिवस थांबा. विकिपीडियावर कृती देत नाहीत, ते काम प्रयोगवहीचं. आमच्याच ९ जूनच्या प्रश्नावर घासून बघितलं, जेलच का? उत्तर आहे: जेलमध्ये पाणी ढवळलं जात नाही, दोन द्रावणं एकमेकांत फक्त हळूहळू पसरत जातात, आणि त्यामुळे खूप बीजं एकदम न पडता थोडीच पडतात नि ती मोठी होतात. जे क्षार पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत आणि तापवले तर वितळण्याआधीच फुटतात त्यांना दुसरा साधा रस्ता नसतो. हे तीन वाक्यांत बसतं. चौथं वाक्य लीझगांगच्या कड्यांचं, १८९६ मध्ये त्याने जेलमध्ये रंगीत वलयं पाहिली तिथून लोकांचं या प्रकाराकडे लक्ष गेलं.

पाचवं वाक्य घालू का यावर मी अडून बसले होते. आपल्याकडे कितीतरी कॉलेजांमध्ये ही पद्धत रुजली, कारण भट्टी लागत नाही, व्हॅक्यूम लागत नाही, टेस्टट्यूब आणि सबुरी लागते. गुजरातमध्ये वल्लभ विद्यानगरला ए. आर. पटेल यांच्या गटाने यावर बरंच काम केलं आणि १९८२ मध्ये व्यंकटेश्वर राव यांच्याबरोबर त्याचा आढावाही लिहिला. मैत्रीण म्हणाली उद्योगात जेलचं कोण काय करतं? फारसं कुणी नाही. पण उद्योगात वापरतात तेवढंच ज्ञान असतं का? सरांनी हे वाक्य ठेवलं. साडेसातशे शब्दांचे पाच ओळींवर आले. जुनं सगळं वेगळ्या फाईलमध्ये ठेवलंय, डिलीट नाही करवलं.

२१ जून

वटपौर्णिमा, स्टाफरूम अर्धी रिकामी, तासही कमी, म्हणून बसून "भारताचं योगदान" या मथळ्याचा निकाल लावला. मथळा कुणीतरी आधीच टाकून ठेवलेला, खाली फक्त संस्थांची नावं. मथळा गेला, माणसं राहिली, पण आपापल्या जागी.

म्हणजे कसं, तर स्फटिक वाढतो तो पायऱ्या पायऱ्यांनी, अणू येऊन पायरीच्या कडेला चिकटतात. पण पायरी कडेपर्यंत जाऊन संपली की नवी पायरी सुरू करणं फार अवघड, आणि प्रत्यक्षात मात्र स्फटिक हिशोबापेक्षा कितीतरी सहज वाढतात. १९४९ मध्ये फ्रँकने सुचवलं की आत जर स्क्रूसारखा पीळ असलेला दोष असेल तर पायरी कधी संपतच नाही, गोल गोल जिन्यासारखी वर चढत राहते. मग असे सर्पिल खरंच दिसतात का याचा शोध सुरू झाला, आणि लंडन विद्यापीठात टोलान्स्कींच्या हाताखाली काम करणाऱ्या अजित राम वर्मा यांनी १९५१ च्या सुमाराला सिलिकॉन कार्बाइडच्या पृष्ठभागावर ते सुरेख सर्पिल टिपले, पायरीची उंची मोजण्यासकट. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. आता हे "भारताचं योगदान" म्हणून तळाला ढकललं तर त्यांचाच अपमान आहे. ते "स्फटिक मुळात वाढतो कसा" या भागात, फ्रँकच्या लगेच पुढच्या ओळीत गेलं.

एसआर मेथडवर जास्त वेळ गेला. शंकरनारायणन आणि रामसामी यांची, २००५ ची. उभ्या नळीच्या तळाशी बीज हव्या त्या दिशेने बसवायचं, वर द्रावण, आणि स्फटिक त्या एकाच दिशेने नळीच्या आकारात वाढत जातो, म्हणजे नंतर कापून वाया घालवायचं कमी. प्रश्नावर पास होते: लेसरच्या कामाला ठराविक दिशेचा तुकडा हवा असतो म्हणून ही. पण स्वतंत्र उपशीर्षक द्यावं एवढी ती पसरलीये का? आमच्या मते नाही, द्रावणाच्या भागात दोन ओळी. चेन्नईतल्या एका ओळखीच्या संशोधक मुलाला आवडलं नाही, त्याने विचारलं की किरोपुलोसला उपशीर्षक आहे मग याला का नाही. त्याचं उत्तर मी दिलं की किरोपुलोसच्या पद्धतीने आज नीलमणीचे म्हणजे सफायरचे मोठाले गोळे निघतात आणि एलईडीच्या चकत्या त्यातून कापतात, फरक तेवढ्याचा आहे. तो गप्प बसला, पटलं की नाही माहीत नाही.

२६ जून

आज तक्ता. तीस "नवीन" एनएलओ स्फटिकांची नावं, एनएलओ म्हणजे लेसरचा रंग बदलणारे वगैरे. एकेका नावासमोर एकेक शोधनिबंध. दिसायला एकदम अभ्यासपूर्ण.

सरांनी फोनवर अर्धा तास घेतला. म्हणाले, गोवा विद्यापीठातले बी. आर. श्रीनिवासन यांचं लिखाण वाच, आणि फ्लेक आणि पेट्रोस्यान यांचंही. या लोकांनी वर्षानुवर्षं असे निबंध तपासून दाखवलंय की बऱ्याच ठिकाणी "नवा स्फटिक" म्हणून जे छापलं ते नवं नव्हतंच. पद्धत अशी की एक अमिनो आम्ल आणि एक क्षार पाण्यात विरघळवायचा, बरणी झाकून ठेवायची, काही आठवड्यांनी तळाशी छान पारदर्शक खडे मिळतात, त्याला दोन्ही नावं जोडून नवं नाव द्यायचं. पण पाण्यात ज्याची विद्राव्यता कमी तो पदार्थ एकटाच खाली बसू शकतो ना! एका भांड्यात साखर आणि मीठ दोन्ही विरघळवलं आणि तळाशी एकाचेच खडे आले, तर मला "साखरमीठ" नावाचा नवा पदार्थ सापडला असं होत नाही. नीट रचना तपासली की कळतं की हे सुरुवातीला टाकलेलंच परत आलंय.

मी गप्पच झाले. आमच्या बॅचमधल्या दोघांचे प्रबंध अशा विषयावर आहेत. त्यांचं चुकलंय असं मी म्हणत नाही, मी तपासलेलं नाही. पण तक्ता जसाच्या तसा लेखात राहिला असता तर दहावीतल्या मुलानेही तो खरा धरला असता, आणि मराठीत लिहिलेलं खोडायला दुसरा माणूस लवकर येत नाही.

तक्ता पूर्ण काढला. नियम: एकाच निबंधात दिसणारा स्फटिक लेखात नाही, दुसऱ्या कुणी तो स्वतंत्रपणे वाढवून तपासलेला असला पाहिजे. आणि "बरणीतून काय निघालं ते एक्स-रेने ओळखल्याशिवाय वाढवलं असं म्हणत नाहीत" असा एक छोटा भाग उलट नवीन घातला, त्यात हा वादही आलाय, कुणा निबंधकाराचं नाव न घेता.

३० जून, रविवार

माणिक. माझे मामा सराफ, त्यांना मसुदा वाचून दाखवला तर पहिल्याच ओळीला अडले. मी लिहिलं होतं "कृत्रिम माणिक", ते म्हणाले म्हणजे नकली. मी म्हटलं मामा नकली नाही, आत तेच अॅल्युमिनियम ऑक्साइड आणि तोच क्रोमियम. ते म्हणाले मग खाणीतलं का नाही? यावर जेवण थंड होईपर्यंत चाललं. शेवटी लेखात दोन्ही शब्द वेगळे करून सांगितले: लाल काच माणिक म्हणून विकली तर ती नकली, आणि भट्टीत वाढवलेलं माणिक हे माणिकच, फक्त माणसाने बनवलेलं. मामांनी मान्य केलं पण भाव वेगळाच लागणार म्हणाले, तो त्यांचा विषय.

ऑग्युस्त व्हर्न्यूईने हे पॅरिसमध्ये केलं, १८९१ आणि ९२ मध्ये सीलबंद पाकिटांत लिहून अकादमीकडे ठेवून दिलं आणि जाहीर केलं १९०२ मध्ये. अॅल्युमिनाची अगदी बारीक पूड हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीतून वरून खाली सोडायची, ती वितळून खालच्या टोकावर थेंबाथेंबाने बसत जाते आणि नासपतीसारखा गोळा वाढतो. मूस नाहीच, कारण दोन हजार अंशांच्या वर वितळणारा पदार्थ त्या काळी ठेवायचा कशात! घड्याळातले "ज्वेल" याच माणकांचे. आणि थर वाकड्या पृष्ठभागावर बसत जातात म्हणून भिंगाखाली आत बारीक वक्र रेषा दिसतात, खाणीतल्या माणकात रेषा सरळ असतात. हे सांगितल्यावर मामा उठून भिंग घेऊन आले. ही ओळ राहणार.

गोळ्याला मराठीत काय म्हणायचं ठरेना. फ्रेंचमध्ये बूल. मी "लगड" सुचवलं, मामा म्हणाले लगड साच्यात ओततात, ही ओतलेली कुठे आहे. बरोबर. माणकाला गोळा, सिलिकॉनला कांडी.

फ्लक्सलाही तेच. जुन्या परिभाषेत "अभिवाह" आहे, मामा टाकणखार म्हणतात, पण सोनाराचा टाकणखार डाग साफ करून झाळ पसरवायला, आपला फ्लक्स विरघळवायला. फ्लक्सच ठेवलं.

४ जुलै

झपाट्याने कुंपणाचे प्रश्न.

हिरे: १९५४ च्या डिसेंबरमध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये ट्रेसी हॉलने हिरा बनवला, त्याच्या आधी १९५३ मध्ये स्वीडनच्या आसेआ कंपनीने, ज्यांनी तेव्हा गाजावाजाच केला नाही. आणि आता सुरतेत मिथेनच्या वायूतून पातळ पातळ थर बसवत हिरे. एक परिच्छेद, बाकी हिऱ्याच्या लेखात. एमबीईसारख्या पातळ थरांच्या पद्धती, थर हा स्फटिकच असतो पण मग अख्खं चिपचं कारखानाशास्त्र आत येईल, म्हणून एकच परिच्छेद. प्रोटीनचा लोंबता थेंब ठेवला, औषधं शोधणाऱ्यांना लागतो आणि गंमत म्हणजे तिथे मोठा स्फटिक हा हेतूच नसतो, एक्स-रेपुरता झाला की पुरे.

फोटोवरून मात्र वाजलं. कुणीतरी सगळ्यात वर वाघोलीच्या कॅव्हन्साइट या खनिजाचा फोटो लावलाय, तो निळा रंग, काय सांगू. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळातली झिओलाइट नावाची खनिजं जगभरच्या संग्रहालयांत आहेत, सिन्नरला अख्खं संग्रहालय आहे त्याचं. पण हे स्फटिक कुणी वाढवले? कुणीच नाही, बेसाल्टच्या पोकळीत आपोआप. लेख पद्धतींचा आहे. फोटो खाली "निसर्गात" या दोन ओळींशेजारी नेला. मैत्रीण म्हणाली, निळ्या फोटोमुळे निदान लोक लेख उघडतील तरी. तिचंही खरं आहे. पण वर सिलिकॉनची कांडी लागणार.

१० जुलै

केडीपी, म्हणजे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट. द्रावणातून वाढवणं म्हणजे शाळेतला खेळ असा समज होतो म्हणून हे हवंच होतं. अमेरिकेत लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या लेसरसाठी लागणारे मोठे केडीपी स्फटिक जुन्या रीतीने वाढवायला दोन वर्षं लागायची. नतालिया झैत्सेवा यांनी मॉस्कोत सुरू केलेल्या वेगवान पद्धतीने तेच सुमारे दोन महिन्यांवर आलं, आणि स्फटिकाचं वजन तीनशे किलोच्या वर. युक्ती काय, तर द्रावण इतकं गाळून आणि तापवून स्वच्छ करायचं की नको तिथे एकही फालतू बीज उरता कामा नये, मग द्रावण भरपूर अतिसंपृक्त (म्हणजे मावेल त्यापेक्षा जास्त विरघळलेलं) केलं तरी ते शहाण्यासारखं एकाच बीजावर बसतं.

ब्रिजमन उरकलं. वितळलेल्या पदार्थाची मूस भट्टीतून हळूहळू खाली थंड भागात सोडायची, टोकाकडून स्फटिक होत येतो. ब्रिजमनचं १९२५ चं, नोबेल त्याला १९४६ मध्ये मिळालं पण ते उच्च दाबाच्या कामासाठी, यासाठी नव्हे, मसुद्यात चुकीचं होतं. किरणोत्सार मोजायचे सोडियम आयोडाइडचे स्फटिक असे काढतात. चार ओळी. आणखी काही सुचलं नाही, आणि ते बरंच आहे.

१७ जुलै

आषाढी, सुट्टी. साबुदाणा भिजत टाकून शेवटचं वाचन.

सरांचं म्हणणं, सुरुवात खडीसाखरेने कर. दोऱ्यावरची खडीसाखर सगळ्यांनी पाहिलीये: गरम घट्ट पाक, त्यात सोडलेला दोरा, हळूहळू थंड होणं, दोऱ्यावर खडे. द्रावण, अतिसंपृक्तता, बीज, सावकाश थंड करणं, चारही गोष्टी घरातल्या. आणि फरकही तिथेच सांगता येतो, दोऱ्यावर शेकडो खडे एकमेकांत घुसलेले असतात, आपल्याला त्यातला एकच मोठा हवाय. तुरटीचा प्रयोग गेला, खडीसाखर आली. कृती मात्र नाही दिली!

मी महिन्याभरापूर्वी खिडकीत तुरटीची बरणी ठेवली होती फोटोसाठी. चिपळूणचा पाऊस, हवेत इतकी ओल की पाणी उडतच नाहीये, बीज आहे तेवढंच, उलट परवा गरम दुपारी किंचित लहान झाल्यासारखं वाटलं. सरांना फोटो पाठवला तर म्हणाले हे पण लेखात घाल. मग म्हणाले, नको.

राहिलंय: फ्लोट झोनच्या आकृतीवरची नावं मराठीत, मुशीचं चित्र (मैत्रीण कारखान्यातला फोटो देऊ शकत नाही, हाताने काढून पाठवणार), आणि व्हर्न्यूईचा उच्चार एकदा फ्रेंच येणाऱ्या कुणाकडून. जेलच्या पाच ओळी आज परत मोजल्या, पाचच आहेत. पाचव्या ओळीत सरांनी "सबुरी" खोडून "वेळ" केलंय. मी परत सबुरी केलं.